शिंगाला हवा कळते

ओमेर सुरू झाला की माझ्या टेबलावर वस्तऱ्यांचा ढीग पडतो. वल्हांडणाच्या सणापासून पुढचे सात आठवडे आम्हा यहुद्यांत एकेक दिवस मोजून काढतात, आणि त्या दिवसांत धर्म पाळणारी माणसं दाढी करत नाहीत, केस कापत नाहीत, लग्नं लावत नाहीत. मध्ये एकच दिवस सुटकेचा, लाग बाओमेर. त्या दिवशी पोरं जागोजाग शेकोट्या पेटवतात आणि बापे लोक वाढलेल्या दाढ्या घेऊन न्हाव्याकडे धावतात. तोवर न्हावी रिकामा. रिकामा न्हावी हत्यारं काढून बसतो, आणि हत्याराकडे निवांत बघितलं की त्यात खोट दिसतेच. मग तो माझ्याकडे येतो.

त्यातच या दिवसांत वाळवंटातून हमसीन सुटतो. या वाऱ्यात ओला सदरा दोरीवर टाकून पाठ वळवावी, तोवर तो कडक होतो. ओठ फुटतात, दारांच्या फळ्या आकसतात, आणि वस्तऱ्याची शिंगाची मूठ खिळ्याभोवती तडकते. पंचांग आणि वारा असे दोन भागीदार मला मिळाले आहेत, आणि दोघंही वाटा मागत नाहीत. बाजारातले लोक म्हणतात, हा होदी नशीबवान आहे. हिंदी माणसाला इथं होदी म्हणतात. मी म्हणतो, नशीब नाही, मी बेरशेव्याच्या धुळीत कंगवे विकत फिरलो तेव्हा तुम्ही सावलीत बसला होतात.

माझं टेबल मोरित्स न्हाव्याच्या दुकानाच्या भिंतीला टेकून आहे. मोरित्स रुमानियाचा. त्याचं हिब्रू मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

"होदी," तो दारात उभा राहून म्हणतो, "तुझ्या देवानं माझं दुकान बुडवलं."

"माझ्या एकट्याचा आहे का तो? तुझा नाही?"

"माझा असता तर त्यानं मला न्हावी केलं असतं?"

असा आमचा ओमेर चालतो. कमाई होते, हसणंही होतं. पण या मोसमाचं आणि माझं खरं म्हणजे वाकडं आहे. माझा थोरला भाऊ दानिएल याच दिवसांत मला न सांगता मुंबईला परत गेला. आणि पुढं तो तिथं वारला, ही बातमीही मला याच दिवसांत मिळाली, तीही शिळी होऊन.

*

वस्तऱ्याच्या मुठीचं काम म्हणजे खिळ्यांचं आणि वॉशरचं काम. माझे वडील वॉशरला वायसर म्हणत. मुंबईच्या रेल्वे कारखान्यात सगळेच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. वरच्या खिळ्यावर पातं फिरतं, खालचा खिळा शिशाची पाचर धरून ठेवतो. खिळ्याच्या दोन्ही डोक्यांखाली शिंगावर वाटीसारखे छोटे वायसर बसतात. गिऱ्हाईक त्यांची चमक बघतं. मी त्यांची रुंदी बघतो. वायसर अरुंद असला की सगळा दाब एका ठिकाणी येतो आणि शिंग तिथंच मरतं. रुंद असला की दाब पसरतो, पण मूठ दिसायला ओबडधोबड होते, बैलगाडीच्या चाकासारखी.

खिळ्यासाठी मी पितळ घेतो. पोलादाचा खिळा मजबूत खरा, पण समुद्राकाठी तो आतल्या आत गंजतो, आणि गंज फुगला की शिंग फोडून बाहेर येतो. पितळ मऊ असतं, दमानं ठोकलं तर डोकं छान पसरतं. किती ठोकायचं हाच सगळा प्रश्न. एक घाव जास्त पडला तर पातं उघडत नाही. एक कमी पडला तर पातं लटपटतं, आणि लटपटणारं पातं गाल सोडून गळ्याकडे जातं. बरोबर बसलेला वस्तरा अर्धा उघडून आडवा धरला तर तिथंच थांबतो, आणि बोटानं जरा सारला की सरतो. हट्टी नाही आणि लाचारही नाही. माणसं अशी बसवता आली असती तर मी दुसरं काही काम केलंच नसतं.

म्हणून वस्तरा हातात घेतला की भाव सांगण्याआधी मी एकच विचारतो, "कुठं राहतोस?"

नवं गिऱ्हाईक चिडतं. "तुला काय करायचंय? पोलीस आहेस?"

पण शिंगाला हवा कळते. मेलेल्या म्हशीचं शिंग, त्याला घासून, चिरून, सपाट करून वर्षं लोटली, तरी ते हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. याफोचा न्हावी समुद्राकाठी राहतो, त्याचं शिंग फुगलेलं असतं. त्याला खिळा जरा सैल हवा. बेरशेव्याचं शिंग आकसलेलं असतं, त्याला घट्ट हवा. हवा विचारल्याशिवाय खिळा ठोकणारा माणूस कारागीर नव्हे, तो नुसता हातोडी बाळगणारा.

हे मला वडिलांनी शिकवलं. शनिवारी शब्बाथ असायचा म्हणून रविवारी आमच्या चाळीच्या गॅलरीत भायखळ्याचे न्हावी वस्तरे घेऊन येत. वडील मला आणि दादाला दोन बाजूंना बसवत. शिकलो दोघंही सारखंच, पण हात दादाचा होता. मी गिऱ्हाइकाशी बोलायचो आणि दादा शिंगाशी.

मुंबईत पावसाळ्यात मीठ ओलं व्हायचं, काड्यापेटी पेटायची नाही, कपाटाचं दार फुगून बसायचं, आणि पापड ताटात येईपर्यंत मऊ पडायचा. इथं पापड वर्षभर कुरकुरीत राहतो. माझ्या बायकोला, लेयाला, त्याचं केवढं कौतुक. डबा उघडा राहिला तरी काही होत नाही म्हणते. मला मात्र तो खाताना वाटतं, काहीतरी राहून गेलं.

*

दादा आणि मी बरोबरच आलो. यहुद्यांचं हे नवं राष्ट्र होऊन थोडा काळ झाला होता. विमानातून उतरलो तेव्हा दादानं वाकून जमिनीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मी तेव्हा आमच्या ट्रंका मोजत होतो. बेरशेव्याबाहेर तंबूत राहिलो. दादा कारखान्यातला फिटर, इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक बोटानं ओळखणारा, त्याला त्यांनी कुदळ दिली. रस्त्याची खडी, झाडांचे खड्डे. मी दोन दिवस कुदळ धरली आणि तिसऱ्या दिवशी मुकादमाशी भांडून कंगवे विकायला निघालो. दादाला भांडता येत नसे. तो संध्याकाळी यायचा, हात पाण्यात बुडवून बसायचा, आणि मिलका वहिनी त्याच्या तळव्यांना खोबरेल लावायची.

"दादा, माझ्याबरोबर ये. टेबल टाकू. तू काम कर, मी विकतो," मी म्हणायचो.

"बघू," तो म्हणायचा.

"काय बघू? तुझे हात बघ."

"हात बरे होतील, बेन्या."

तो मला बेन्या म्हणायचा. या देशात मला तसं हाक मारणारं आता कुणी नाही. पोरं 'अब्बा' म्हणतात, तेही हिब्रूत, आणि मी मराठीत बोललो की उत्तर हिब्रूतच देतात.

वडिलांचा वस्तरा थोरला म्हणून दादाकडे होता. विलायती पातं, काळ्या शिंगाची मूठ, आणि वडिलांनी स्वतः ठोकलेले खिळे. पहिल्याच उन्हाळ्यात ते शिंग आकसलं आणि खिळे मोकळे झाले. पातं लटपटायला लागलं. दादानं तो एक वर्ष तसाच वापरला. मग त्या वर्षी ओमेरच्या आधी मला म्हणाला, "बेन्या, याला नवे खिळे लागतील. चल, याफोला जाऊन वायसर घेऊ."

मला केवढा आनंद झाला. मला वाटलं, दादा धंद्यात यायला तयार झाला.

*

याफोच्या जुन्या बाजारात एक म्हातारा बल्गेरियन फाटकी छत्री लावून बसतो. त्याच्यापुढे पत्र्याच्या ट्रेमध्ये वायसर, खिळे, तारांचे तुकडे, घड्याळांचे काटे, कसली कसली बटणं. दादा त्या ट्रेपुढे उकिडवा बसला. बोट जिभेला लावून ओलं करायचा, एकेक वायसर त्या बोटावर उचलायचा, उजेडात फिरवायचा, आणि मग जिभेच्या टोकाला लावायचा. पितळेची चव वेगळी, जर्मन सिल्व्हरची वेगळी, मुलामा दिलेल्या पत्र्याची त्याहून वेगळी. वडीलही असंच करत. इतक्या दिवसांत दादाचा चेहरा असा निवांत मी पाहिला नव्हता. खडीची धूळ त्याच्या पापण्यांवरून गेलेली नव्हती, पण डोळे आमच्या चाळीच्या गॅलरीतले होते.

मी तोवर म्हाताऱ्याशी भाव करत होतो. मी ओरडत होतो, तोही ओरडत होता. मी दोनदा उठून चालू लागलो आणि त्यानं दोनदा बोलावलं.

शेवटी म्हातारा दादाकडे बोट दाखवून म्हणाला, "तुझा भाऊ वायसर घेतोय. तू भांडण घेतोयस."

दादा हसला. त्यानं निवडलेले वायसर माझ्या हातावर ठेवले. मी बघतच राहिलो. रुंद. बैलगाडीच्या चाकासारखे.

"हे कशाला?" मी म्हणालो. "बेरशेव्यात शिंग फुगणार आहे काय? हे नाजूक घे. वडिलांनी लावले होते तसे."

"रुंदच घे. आणि ठोकताना मध्ये कागद घाल. पातळसा. ठोकून झाल्यावर ओढून काढ."

कागद घालायचा म्हणजे तेवढी फट ठेवायची. समुद्राकाठच्या वस्तऱ्याला ठेवतात तशी.

"दादा, उन्हात खडी फोडून तुझं डोकं फिरलंय. आधीच ढिला झालाय म्हणून आणलास ना माझ्याकडे? आणि आता म्हणतोस ढिला ठेव?"

"थोडा."

"माझ्या हातचा ढिला वस्तरा बाजारात दिसला तर लोक थुंकतील."

"बाजारात कुठं न्यायचाय? माझ्या गालाला लावायचाय."

"मग गाल बेरशेव्यातच आहे ना?"

 दादा उठला, गुडघे झाडले, आणि समुद्राकडे जाणाऱ्या बोळाकडे बघत उभा राहिला. मी नाजूक वायसर घेतले. भाव चांगला पाडला होता, त्या खुशीत होतो.

बेरशेव्याला येऊन मी तो वस्तरा जीव ओतून बसवला. वडिलांचे खिळे काढताना हात कापला माझा. आकसलेल्या शिंगावर नवा खिळा असा घट्ट ठोकला की पातं आडवं धरलं तर तसूभर हललं नाही. दादानं उघडून बघितला, मिटला, परत उघडला. त्याचा अंगठा त्या वायसरवर जरा वेळ थांबला.

"चांगला बसवलास," तो म्हणाला. आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. एका सकाळी मी माल घेऊन निघालो तर माझ्या तंबूच्या दोराला दादाची कुदळ टेकवून ठेवलेली. धुतलेली. पात्यावर मातीचा कण नाही, दांडा पुसलेला. दादाच्या तंबूत खाटा उभ्या करून ठेवल्या होत्या. शेजारची बाई म्हणाली, मुंबईला परत जाणाऱ्या काही घरांबरोबर ते गेले, तुम्हाला ठाऊक नाही?

मला ठाऊक नाही! बाजारात कुणाच्या खिशात किती आहे ते मला त्याच्या चालीवरून कळतं. विकणाऱ्याला घरी जायची घाई आहे की नाही ते त्याच्या चपलेवरून कळतं. आणि माझ्या सख्ख्या भावानं तंबू आवरला, पोरांना तयार केलं, कुदळ धुऊन माझ्या दाराशी ठेवली, आणि मला ठाऊक नाही. ती कुदळ मी मुकादमाला परत केली तेव्हा तो म्हणाला, "इतकी स्वच्छ कुदळ कुणी परत केली नव्हती." मी त्याला शिवी दिली.

मी दादाला पत्र लिहिलं नाही. त्यानंही लिहिलं नाही. न सांगता जो गेला त्यानं आधी लिहायचं, असं माझं म्हणणं होतं. आजही आहे.

*

पुढं टेबल आलं, मोरित्सची भिंत आली, घराला पक्कं छप्पर आलं. ओमेर येत होते, जात होते. मग एका ओमेरमध्ये, हमसीनच्या दिवसांत, बसमधून एक म्हातारी उतरली. नऊवारी, पायांत नवे सरकारी बूट. बाजारभर "हिंदुस्थानी वस्तरेवाला कुठं?" असं मराठीतच विचारत आली. कुणाला कळलं कसं कोण जाणे, पण लोकांनी तिला माझ्यापुढे आणून उभी केली.

ती सारामावशी होती, मिलका वहिनीची मावशी. दादा परत जाऊन राहिला त्याच चाळीत तिची खोली. आपल्या पोरांबरोबर ती नुकतीच आली होती आणि सरकारनं त्यांना खाली डिमोनाला नेऊन सोडलं होतं, जिथं तेव्हा वाळू आणि नव्या भिंती याखेरीज काही नव्हतं.

"बेनजी ना तू? नाक ओळखलं हो मी. दानिएलचंच नाक."

मी स्टूल पुढं केलं. "दादा कसा आहे?" हे मी सहज विचारलं नव्हतं. इतकी वर्षं तोंडात धरलेला शब्द होता तो.

मावशी बसता बसता थांबली. "अरे देवा," ती म्हणाली. "तुला कुणी कळवलंच नाही? मिलकानं लिहून घेतलं होतं रे कुणाकडून तरी. तंबूच्या पत्त्यावर."

ते तंबू केव्हाच उठले होते.

"केव्हा?" मी विचारलं.

"होळीच्या सणाच्या आधी. बरेच दिवस आधी. छातीत कळ आली, बसल्या जागी गेला. कुणाला त्रास नाही दिला."

कुणाला त्रास द्यायचा नाही. कुदळ धुऊन ठेवायची. मला इतका संताप आला की मावशी जरा मागे सरकली.

मग तिनं कमरेची पिशवी सोडली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. उघडायच्या आधीच मला कळलं. "मिलका म्हणाली, हा बेनजीला दे. त्याच्या हातचा आहे."

वडिलांचा वस्तरा. मी ठोकलेले खिळे जसेच्या तसे.

"काय छळलंय रे या वस्तऱ्यानं मिलकाला," सारामावशी डोळे पुसत हसली. "पावसाळ्यात उघडायचाच नाही मेला. मग दानिएल काय करायचा, रात्री तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा. तांदूळ ओल ओढून घेतात ना. सकाळी काढायचा, चुलीजवळ धरायचा, मग कुठं उघडायचा. मिलका बोंबलायची, भातात केस सापडतात म्हणून! मी म्हटलं, अरे दानिएल, तू एवढा फिटर, तो खिळा काढून दुसरा ठोक की. तर म्हणायचा, नको मावशी. बेन्यानं ठोकलाय. राहू दे."

मोरित्स दारात उभा होता. त्याला मराठी येत नाही, पण तो आत गेला आणि मावशीसाठी पाणी घेऊन आला.

"मावशी," मी म्हणालो, "त्यानं मला सांगितलं का नाही?"

"मी विचारलं होतं बाबा. म्हणाला, बेन्याला सांगितलं असतं तर त्यानं मला जाऊ दिलं नसतं. त्याच्याशी बोलण्यात कुणी जिंकलंय आजवर?"

*

मी तसाच उठून रब्बींकडे गेलो. वस्तरा हातातच होता. सिनेगॉगच्या बाजूच्या खोलीत ते एकटे बसले होते, पांढरी दाढी, जाड चष्मा.

"माझा भाऊ वारला," मी म्हणालो. "सात दिवस शोकाला बसायचंय. काय काय करू सांगा."

"केव्हा वारला?"

बाजारात मी आजवर किती खोटं बोललो असेन त्याला हिशेब नाही. विकणाऱ्यापुढे आपला पत्ता आधी उघडायचा नाही, हे मी पोरवयात शिकलो. आणि तिथं माझ्या तोंडून सरळ खरं निघालं. "पुरीमच्या बरंच आधी." पुरीमलाच आमच्या मुंबईत होळीचा सण म्हणतात.

रब्बींनी बोटांवर मोजलं. "म्हणजे तीस दिवस उलटून गेले. लांबची बातमी. लांबच्या बातमीला एक तास."

"एक तास म्हणजे?"

"एक तास खाली बसायचं. बूट काढायचे. सदरा फाडायचा नाही, तो ताज्या बातमीला फाडतात. तास झाला की उठायचं, बूट घालायचे, कामाला लागायचं."

"सख्खा भाऊ आहे."

"भावासाठीच सांगतोय."

"थोरला. बापासारखा."

"बाप असता तरी तासच."

मी खुर्ची ओढून बसलो. "हे बघा. बातमी मला आज मिळाली. टपालाचा उशीर, माझा नाही. तंबू सरकारनं हलवले. सात जमत नसतील तर तीन द्या."

"ही माझी वस्तू नाही, मी भाव कसा करू?"

"मग एक दिवस. एका दिवसानं कुणाचं काय जातं?"

त्यांनी चष्मा काढला. ते चिडले नव्हते, चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. "मुला, दुःखाला मर्यादा नाही. शोक पाळण्याला आहे. एक तास." मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "आणि हे काय? गालाला वस्तरा लावणं आपल्यात एरवीही मना आहे, ठाऊक आहे ना?"

"गाल त्याचा होता," मी म्हणालो. "मी फक्त मूठ बसवतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्यानं सांगितलेल्या किमतीला माल उचलला.

घरी जमिनीवर बसलो. बूट काढले. लेयानं शोकाच्या घरी टाकतात तशी आरशावर चादर टाकली, मग तिच्या लक्षात आलं की एका तासासाठी आहे, तरी तिनं ती काढली नाही. शोकातल्या माणसानं काम करायचं नसतं, म्हणून वस्तरा हातात असून मला त्याला हत्यार लावता येईना. नुसता बघत बसलो. इथल्या हवेत दोन दिवसांत शिंग परत आकसलं होतं, आणि माझे नाजूक वायसर जिथं बसले होते तिथं शिंगात गोल खळगे पडले होते, अंगठी वर्षानुवर्षं न काढलेल्या बोटावर पडतात तसे. मुंबईत ते शिंग फुगलं होतं आणि माझ्या खिळ्यानं त्याला जागा दिली नव्हती. पावसाळ्यामागून पावसाळे ते त्या वायसरवर रेटत राहिलं होतं.

रुंद वायसर घे. मध्ये कागद घाल. थोडा ढिला ठेव.

गाल बेरशेव्यातच आहे ना, असं मी विचारलं होतं, आणि तो समुद्राकडे बघत उभा राहिला होता. याफोच्या वायसरवाल्यासमोर, माझ्या आरडाओरड्यात, माझ्या भावानं मला सांगितलं होतं. वडिलांच्या बोलीत सांगितलं होतं. जी बोली या अख्ख्या देशात आम्हा दोघांनाच कळत होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी विचारतो, कुठं राहतोस? त्याला मी विचारलं ते भांडायला.

पण हे सांगणं झालं का? मी अजून भांडतो त्याच्याशी. तोंड होतं ना तुला दादा? जातो म्हण. मी ओरडलो असतो, पाया पडलो असतो, तुझ्या ट्रंकेवर बसून राहिलो असतो. बस यायच्या वेळेला उठलो असतो आणि खिळा काढून परत ढिला ठोकून दिला असता. भाव करणारा माणूस शेवटी कुठंतरी थांबतोच. तू मला थांबायला जागा दिली नाहीस.

फटीत काहीतरी अडकलं होतं. नखानं काढलं. तांदळाचा दाणा होता, पिवळा पडलेला.

लेयानं एक अंडं उकडून आणलं. शोकात बसलेल्याला पहिला घास अंड्याचा देतात. रेशनचं अंडं, पोरासाठी ठेवलेलं.

"अहो, तास संपत आला," ती म्हणाली. "तेवढ्यात खाऊन घ्या."

मी खाल्लं. मग तिनं बूट आणून माझ्यापुढे ठेवले आणि तोंड फिरवून उभी राहिली.

*

तेव्हापासून मी ओमेरमध्ये दाढी करत नाही. लाग बाओमेरला शेकोट्या पेटतात, मोरित्सच्या दुकानात रांग लागते, आणि मी भिंतीपलीकडे दाढी खाजवत बसतो. मोरित्सला वाटतं मी म्हातारपणी धर्माला लागलो. रब्बी रस्त्यात भेटले की खूश होऊन मान हलवतात. ओमेरची दाढी कुठली आणि भावाची कुठली, हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. वेगळं मागितलं तेव्हा एक तास मिळाला. न मागता दर वर्षी सात आठवडे घेतो.

त्या वस्तऱ्याला मात्र मी हात लावला नव्हता. दादानं लावला नाही, मग मी कशाला लावू? पण यंदाचा हमसीन वाईट निघाला. एका सकाळी बघतो तर वायसरच्या खळग्यापासून केसाएवढी भेग निघालेली. तसंच ठेवलं असतं तर वडिलांचं शिंग गेलं असतं.

याफोला गेलो. म्हातारा बल्गेरियन तिथंच, छत्री तीच. मी ट्रेपुढे उकिडवा बसलो, बोट ओलं केलं, एकेक वायसर उचलून जिभेला लावला. माझी जीभ दादाइतकी शहाणी नाही. वेळ लागला. रुंद निवडले, पितळेचे, जाड काठाचे.

"आज आवाज नाही तुझा," म्हातारा म्हणाला. "बरं नाही का?"

परत येऊन माझा खिळा मीच कानशीनं घासून काढला. नवा बसवला. ठोकण्याआधी मोरित्सकडून सिगारेटचा कागद मागून घेतला आणि दुमडून फटीत घातला. गोल तोंडाच्या हातोडीनं हलके घाव घातले, आणि कागद ओढला. तो सरकन निघाला.

मोरित्स हात पुसत आला. चांगला वस्तरा दिसला की त्याला राहवत नाही. त्यानं उघडला, आडवा धरला. पातं लुळं पडून खाली लोंबलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, परत धरला, परत लोंबलं.

"होदी, हा तुझ्या हातचा नाही."

"माझ्याच हातचा आहे."

"मग चुकलास. ढिला आहे."

"बरोबर आहे."

"अरे, बेरशेव्यात हा कोण वापरणार? गळा कापेल!"

"बेरशेव्याचं गिऱ्हाईक नाही," मी म्हणालो.

मोरित्स इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलेला. माझा पहिला प्रश्न त्याला पाठ आहे. त्यानं वस्तरा मिटून जपून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कुठं राहतो?"

"मुंबईला," मी म्हणालो. "तिथं हवा फार ओली असते."